आज आम्हाला साफ झालं!

नांदेडच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरबाहेर एक बाकडं आहे. आत पेशंट व्यायाम करतात, बाहेर आम्ही घरची माणसं बसतो. दमलेल्या माणसांना हसायला फार काही लागत नाही, त्यामुळे किस्से साचतच जातात.

*

या बाकड्यावर 'मी' असं कुणी बोलतच नाही, पेशंटचं सगळं 'आम्हाला'च होतं. महानंदाताई मूळच्या उदगीरच्या, सासूबाईंना घेऊन येतात; त्यांचं पोट चार दिवस गच्च होतं. परवा रस्त्यात ओळखीची बाई भेटली. "कशा हात?" तिनं विचारलं.

"आज आम्हाला साफ झालं बघा, देवाची कृपा!" ताई म्हणाल्या.

बाई जरा लांब सरकली.

*

गणपतराव अर्धापूरचे, केळीवाले. त्यांच्या बायकोला लकवा. आतून डॉक्टर तिला "हात वर!" म्हणाले की बाहेर यांचा हात वर! एकदा समोर रिक्षाच येऊन थांबली.

"कुठं जायचं मामा?"

"जायाचं लई हाय बाबा, पन सुट्टी न्हाई."

*

माझ्या मिस्टरांचं उजवं अंग गेलं आणि मी शाळेतली नोकरी सोडली. पुढे माझंच पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण जातं का?"

"जातं, पण मऊ भातच. भरवावा लागतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मी तुमचं विचारतोय!"

खरं सांगते, मी काय जेवले होते ते मला आठवेना. तिथंच रडू आलं.

*

पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन लवकर करा म्हणाले. यांच्याजवळ कोण बसणार, म्हणून मी पुढं ढकलत राहिले. दुखणं वाढत होतं. बाकड्यावर सहज बोलून गेले, तर महानंदाताई खवळल्याच.

"तुमाला काय झालं तर तुमच्या मालकांचं कोन करंल? अन् आम्ही काय हितं नुसतं बसायला येतो का? तोंडानं मागा की!"

गणपतराव म्हणाले, "एकाचं रोज करूनच राहिलो बाई. दोघांचं केलं तर काय बिघडलं?"

मदत मागायची मला फार लाज वाटायची. त्या दिवशी मी मान खाली घालून "बरं" म्हणाले.

*

ऑपरेशनच्या सकाळी महानंदाताई माझ्याबरोबर निघाल्या. गणपतराव बायकोजवळ सुनेला बसवून मिस्टरांकडे आले. पण मिस्टर घरी थांबायला तयार होईनात. लकव्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय, 'हाव', म्हणजे आमच्याकडचं 'हो'. भूक लागली तरी हाव, राग आला तरी हाव. शेवटी गणपतरावांनी त्यांना व्हीलचेअरवर बसवून दवाखान्यात आणलं.

काउंटरवरच्या सिस्टरनं मान वर न करता विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

ताई पुढे झाल्या, गणपतरावही पुढे झाले. पण त्यांच्या आधी व्हीलचेअरमधून दणक्यात आवाज आला, "हाव!"

सिस्टरनं वर बघितलं. "तुम्ही? तुम्ही बघणार यांच्याकडं?"

"हाव!"