आमच्या तरुण संघाच्या कुदळी

परवा आमच्या चर्चमधल्या तरुण संघाच्या पोरापोरींनी मला बोलावलं. गिटार होती, चहा होता, बिस्किटं होती. एकीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी संघाच्या काय काय ॲक्टिव्हिटी असायच्या?"

मी म्हणालो, "आम्ही कबरी खणायचो."

पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. म्हणून मी एक किस्सा सांगितला. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. असले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चौघांनी मिळून आठ-दहा वर्षं एकच काम केलं की ते साठत जातात, आणि पुढं चौघांतला एकटाच मागं राहिला की सगळे त्याच्याच वाट्याला येतात.

* * *

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, फलटणच्या वाटेवर. ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला पाळकसाहेबांनी तरुण संघ काढला, तो गाणी म्हणायला आणि व्हॉलीबॉल खेळायला. मी दाविद. शमुवेल सुताराचा मुलगा, आमचा सेक्रेटरी, खिशात कायम मोजायची पट्टी. भास्कर अंगापिंडानं आमच्या दोघांएवढा. आणि मुलींच्या बाजूनं एस्तेर, हातात कायम सुईदोरा.

चर्चच्या मंडळीच्या कबरी तीस वर्षं अंतूबाबांनी खणल्या होत्या. त्यांची कंबर धरली. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगून टाकलं, "हे काम आता तरुण संघ करील." व्हॉलीबॉलचं नेट अजून यायचं होतं. त्याच्या आधी कुदळी आल्या.

पहिली कबर सोनाबाईंची. त्या बायबलबाई. खेडोपाडी चालत जाऊन बायकांना वाचून दाखवायच्या. मला आणि शमुवेलला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. आम्ही सकाळी लागलो. वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. किती खोल जायचं हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. भास्करचं म्हणणं, जितकं खोल तितका सोनाबाईंचा मान मोठा.

दिवस मावळायला आला तेव्हा अंतूबाबा काठी टेकत आले आणि त्यांनी वाकून पाहिलं. खाली आम्ही तिघं, डोक्याच्या वर दोन हात भिंत, आणि वर यायला वाट नाही.

"ही कबर हाय का हीर?" त्यांनी विचारलं.

"चुकलं, बाबा."

"आरं, सोनाबाईला शेवटच्या दिवशी उठून वर यायचं हाय. म्हातारीला शिडी कोण लावंल?"

त्यांनी दोर आणवून आम्हाला वर काढलं. मग निम्मा मुरूम परत आत लोटायला लागला. सोनाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो नव्हतो. ते फावडं मारताना रडलो.

* * *

जोसेफ मास्तर आमच्या शाळेचे. एका थंडीत त्यांना असा खोकला धरला की आता हे उठत नाहीत असं सगळ्यांनीच धरलं. शमुवेलच्या वडिलांनी त्याला हळूच सांगितलं, भेटायला जा आणि जमलं तर पेटीसाठी माप घेऊन ये.

शमुवेल गेला. मास्तर डोळे मिटून पडलेले. त्यानं पट्टी काढली आणि खाटेच्या कडेकडेनं मोजायला लागला.

"पाच फूट आठ," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "लिहून घे. आणि आठचा आकडा नीट काढ. तुझा आठ नेहमी तीनासारखा दिसतो."

मास्तर त्यातून उठले. पुढं दोन वर्षं शाळेत आले. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. दर रविवारी देवळाच्या पायरीवर शमुवेलला गाठायचे आणि विचारायचे, "माप जपून ठेवलंयस ना?" शमुवेल लाजून लाल व्हायचा. मास्तर पोट धरून हसायचे, हसता हसता खोकायचे.

दोन वर्षांनी गेलेच. शमुवेलनं त्या लिहून ठेवलेल्या मापाची पेटी केली, आम्ही त्याच मापाची कबर खणली. मास्तरांना पेटीत ठेवलं तर पायाशी चांगली वीतभर जागा उरली. आजारात माणूस पाठीत वाकून असा आटतो हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"त्यांनीच सांगितलेलं माप होतं," शमुवेल येईल त्याला सांगत होता. "त्यांनीच सांगितलं होतं."

एस्तेर उठून शाळेत गेली. खुंटीवरचा मास्तरांचा कोट घेऊन आली आणि घडी करून त्यांच्या पायाशी ठेवला. खिशात खडूचा तुकडा होता. तो तिनं तसाच राहू दिला.

* * *

लढाईत कापड रेशनवर गेलं. पेटीला आतून लावायला पांढरा मांजरपाट लागायचा, तो कुठं मिळेना. नाताळच्या नाटकासाठी मात्र संघानं साताऱ्याला खेपा घालून थोडं कापड मिळवलं होतं. एस्तेरनं त्याचे देवदूतांचे चार झगे शिवून ठेवले होते.

नाताळाला नऊ दिवस होते आणि पाळकसाहेबांची धाकटी मुलगी घटसर्पानं गेली. तीन वर्षांची होती. एस्तेरनं कुणाला विचारलं नाही. ती झगे घेऊन बसली आणि एकेक उसवत गेली.

नाटक होणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पाळकसाहेब म्हणाले, "नाटक होईल." तेव्हा त्या वर्षी आमचे देवदूत घरच्या कपड्यांत उभे राहिले. भास्कर खाकी चड्डीत.

नाटक बघायला आसपासच्या गावांतल्या बायका यायच्या. त्यांतली एक पाळकीणबाईंच्या शेजारीच बसली होती. तिला घरातलं दुःख ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "बाई, ह्ये कसलं देवदूत? मागल्या साली कशी पांढरीफेक कापडं हुती. कुठं गेली?"

पाळकीणबाई समोर बघत म्हणाल्या, "यांच्यातली एक पुढं गेलीय. ती घालून गेली."

* * *

एकदा सांगलीला तरुण संघांचा मेळावा होता. आम्ही लोणंदला गाडीत बसलो आणि मिरजेला उतरून सांगलीला गेलो. प्रत्येक संघानं उठून आपलं वर्षाचं काम सांगायचं होतं. कुणी गायनाचे कार्यक्रम केले, कुणी रात्रशाळा चालवली, कुणी वाचनालय काढलं. टाळ्या होत होत्या. शमुवेल उठला. सेक्रेटरी ना तो.

"आम्ही कबरी खणतो," एवढं बोलून तो खाली बसला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. जेवणाच्या वेळी आमच्या पंगतीला डावी-उजवीकडं जागा मोकळी राहिली. जणू आम्ही त्यांचंच माप घ्यायला आलो होतो. शमुवेल मान खाली घालून भात कालवत होता.

तेवढ्यात सांगलीचीच एक मुलगी ताट घेऊन आली आणि त्याच्या समोर बसली. थोडा वेळ जेवली. मग विचारलं, "तुमच्याकडं मुरूम लागतो की काळी?"

शमुवेल दचकला. "मुरूम," म्हणाला.

"आमच्याकडं काळी. पावसाळ्यात पाणी लागतं. माझे दोघं भाऊ खणतात. मागच्या आषाढात आईची खणली, तर बादल्यांनी पाणी उपसायला मी होते."

शमुवेलनं भात कालवायचं थांबवलं. पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. मी त्यांच्या संसारात चाळीस वर्षं चहा प्यायलो.

* * *

मार्थाबाईंचा एकुलता एक मुलगा आशेर पलटणीत होता. ब्रह्मदेशाकडं गेला आणि तार आली, बेपत्ता. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. पंचांनी ठरवलं की आता त्याच्या नावाची एक जागा करावी, दगड बसवावा, म्हणजे म्हातारीच्या मनाला टेकू मिळेल. आम्हाला खणायला सांगितलं. आम्ही खणत असताना मार्थाबाई आल्या.

"कुणाची खणताय रं?"

भास्कर म्हणाला, "पंचांनी सांगितलं, मावशी. आशेरच्या नावानं."

"त्यो मेला म्हनून पंचांस्नी कुणी सांगितलं?"

भास्करनं कुदळ खाली ठेवली.

"बुजवा," त्या म्हणाल्या.

आम्ही बुजवली. शेवटचं फावडं पडेपर्यंत त्या काठावर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "उन्हाचं दमला असाल. चला, च्या करते." आणि आम्ही खरंच गेलो. त्यांनी आशेरच्या कपात मला चहा दिला आणि वर बजावलं, "सांभाळून धर. त्येचा कान कच्चा हाय."

आशेर काही आला नाही. चार वर्षं दर नाताळाला मार्थाबाई त्याच्या वाटणीच्या करंज्या डब्यात काढून ठेवायच्या आणि फेब्रुवारीत रविवारच्या शाळेतल्या पोरांना वाटून टाकायच्या. मग एका उन्हाळ्यात त्या गेल्या.

आम्ही कुदळी घेऊन गेलो. अंतूबाबांनी काठीनं जागा दाखवली. तीच.

"हितं खणा," ते म्हणाले. "एकदा उकरल्याली हाय. मऊ असंल."

एरवी सकाळी लागलं तर दुपार टळून जायची. ते काम दीड तासात झालं. पाळकसाहेब यायला अजून बराच वेळ होता. आम्ही तिघं कुदळी खाली टाकून तिथंच बसून राहिलो.

* * *

पुढचा किस्सा त्या पोरांना मी सांगितला नाही.

भास्कर मूळचा आमच्यातला नव्हता. त्याचं घर चार कोसांवरच्या गावात. उसाची जमीन, वडील पलटणीतून हवालदार होऊन आलेले. भास्कर आमच्या शाळेच्या बोर्डिंगात शिकायला आला आणि अठराव्या वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी निरोप पाठवला, "आमाला आता एकच ल्योक." दुसरा मुलगा धाकटा होता. त्यानंतर आठ वर्षं बाप-लेकाची गाठ नाही. भास्कर बाजारच्या दिवशी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. वडिलांची गाडी जायची. ते बैलांच्या शिंगांकडं बघत जायचे.

भास्करला विषमज्वर झाला. अठरा दिवस ताप उतरला नाही. एकोणिसाव्या दिवशी पहाटे तो गेला. पाळकसाहेबांनी सायकलवरून एका माणसाला त्याच्या गावी धाडलं. येतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

एस्तेर देवळात पेटीला आतून कापड लावत बसली होती. खणायला मी आणि शमुवेल. दहा वाजून गेले तरी आम्ही गुडघ्याइतकेच खाली. निम्मं काम भास्कर करायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर एक उंच माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, अंगात जुना लष्करी कोट. नाकाडोळ्यांवरून ओळख पटली, भास्करचे वडील.

"आत आलं तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

अंतूबाबा दगडावर बसले होते. म्हणाले, "या की, पाव्हणं."

त्यांनी गडग्याबाहेर वहाणा काढल्या. आत आले, कोट काढला, घडी केली, वर फेटा ठेवला. आमच्याकडं बघून म्हणाले, "दोगं बी वर या."

आम्ही वर आलो. ते उतरले. मधे एकदा मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो घेतला, प्यायले, परत दिला. आठ वर्षांत आम्ही एवढ्या कबरी खणल्या, पण इतक्या सरळ कडा आमच्या कधी आल्या नव्हत्या. छातीइतकं खोल गेल्यावर त्यांनी कुदळ वर ठेवली.

"डोस्कं कुणीकडं करता तुमी?"

"मावळतीकडं," शमुवेल म्हणाला. "म्हणजे तोंड उगवतीला राहतं."

त्यांनी मान हलवली. मग मावळतीकडं डोकं करून ते त्या मुरमावर उताणे निजले. हात अंगालगत सरळ. डोळे उघडे. मी शमुवेलकडं बघितलं, शमुवेल माझ्याकडं.

ते उठून बसले. पाठ टेकली होती तिथं हातानं चाचपलं, बोटांनी उकरलं, आणि सुपारीएवढा एक टोकदार खडा काढून वर टाकला. तळहातानं जागा सारखी केली. मग पुन्हा निजले.

पेटी असते हे सांगायला शमुवेलनं तोंड उघडलं. अंतूबाबांनी त्याचा दंड धरला.

या खेपेला ते बराच वेळ पडून होते. मग उठले, माझा हात धरून वर आले, अंगावरची माती न झाडताच कोट घातला.

"पाठीला रुतत हुता," ते म्हणाले. "आता न्हाई."