रुपीबाईने निवडलेली भाजी

१९६२च्या भादव्यात केळापूरकडच्या डोंगरात आमचा तंबू होता. नागपूरचे वामनराव अभ्यासासाठी झाडं गोळा करत. मी ओझं वाहायचो. तांड्यावरची रुपीबाई स्वयंपाक करायची. भाकरी करपली तर ती स्वतःच्या ताटात घ्यायची, अशी बाई.

पठारावर सकाळी ढग गवतावरून चालत. त्या धुक्यात वामनरावांना एक रोप दिसलं. जांभळं फूल, झोपेत मान टाकावी तसं वाकलेलं. ते हळूच म्हणाले, "मारोती, ही जात अजून कोणी लिहिलेली नाही, नावही नाही हिला."

लिहायची तर कंद, पान, फूल, शेंग, सगळं हवं. दिसली तेवढी रोपं मी मुळासकट काढली. तंबूत ओल्या फडक्यात ठेवली आणि सरपणाला गेलो.

परतलो तर रुपीबाई विळीवर बसलेली. कंद सोललेले, मुळ्या छाटलेल्या, जून शेंगा चुलीत.

"बाई, हे काय केलंत?" वामनराव मटकन बसले.

"भाजी निवडून राह्यली. ओल्या फडक्यात अजून काय ठेवतेत?"

"नवी जात होती ती. उद्या तंबू उठणार. आता पुढच्या भादव्यात."

"बारशाच्या आधीच चिरली म्हणा," मी म्हणालो.

ती हसली नाही. मळलेलं पीठ झाकून उठली. "चाला, मारोतीभाऊ."

धुकं विरलं होतं. उन्हात पठार निराळंच दिसत होतं. सकाळची जागा सापडेना. ती उकिडवी बसून गवत हाताने सारत पुढे सरकत होती. मीही. पाठ भरून आली. वाऱ्याने गवत वाकलं की आपणच कुठे वाहत चाललोय असं वाटायचं.

दिवस कलताना एका खडकाच्या भेगेत ते फूल दिसलं. खाली शेंगही होती.

मी पहार उचलली.

"राहू दे, फुटंल थो कंद."

तिने बोटांनी माती उकरली. मी पाणी सोडत गेलो. बोटं सोलवटली, तरी घाई नाही. कंद अख्खा निघाला. तंबूत तिनेच एकेक मुळी कागदावर सरळ केली. वाळेपर्यंत कागद मी बदलले.

पुढे त्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये छापून आलं. वामनराव तांड्यावर आले आणि तिला मराठीत सांगू लागले. कंद गोल. पानावर पांढरी लव. फूल खाली वाकलेलं.

रुपीबाई डोळे मिटून ऐकत होती.

"हो," ती म्हणाली, "थेच हाये."