कठीण मनासाठी आमेन

चहा येईस्तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावून सांगेल.

आमच्या जळगाव जामोदच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. पेटीवर माझा थोरला भाऊ शमुवेल. पेटी थांबवून सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तू जरा मनातल्या मनात गाय." झालं! दोन वर्षं आमचं बोलणं बंद. चर्च एकच, तो खिडकीपाशी, मी दारापाशी.

मंडळीतल्या रूथमावशी, निवृत्त नर्स, दर बुधवारी प्रार्थनासभेत न चुकता म्हणायच्या, "प्रभू, दोन भावांत एक मन लय कठीन झालं हाये, त्याले मऊ कर." नाव कधीच घ्यायच्या नाहीत. घ्यायची गरज काय? कठीण मन कोणाचं, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. माझं 'आमेन' इतकं दणदणीत असायचं की पाद्रीसाहेब दचकायचे.

वर्ष उलटलं तरी दादा काही मऊ होईना. मी मावशींना गाठलं.

"मावशी, थोडा जोर लावा ना. मी बी उपास धरतो."

"धर बाबू. देव थकत नाही, आपनच थकतो."

"पन काई फरक दिसून राह्यला काय?"

त्यांनी मला निरखून पाहिलं. "हाव, थोडा थोडा."

मग काय, मी दर शुक्रवारी उपास धरला. आणि एका रविवारी दादा चर्चला आलाच नाही. म्हटलं, विरघळला! लाजेनं तोंड लपवतोय बिचारा. माफी मागायला त्याला आपल्या दारापर्यंत कशाला आणायचं? आपणच जाऊ, मोठ्या मनानं.

गेलो. दादा खाटेवर, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. गुरुवारी गच्चीच्या जिन्यावरून पडला होता. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि कोणत्या तोंडानं कळवणार? माफीबिफी सगळं विसरलो.

"लय दुखते काय, दादा?"

"उभा काऊन राह्यला बे? बस." त्यानं सरकून जागा केली. "बेसूर का होईना, तुया आवाज नसला का करमत नाही."

दोघंही रडलो. उशाशी रूथमावशी बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "प्रभू, तुये उपकार. दोन वर्सं मागून राह्यली होती, ते कठीन मन आज आपल्या पायानं चालत आलं."

सवयीनं मी दणकून 'आमेन' म्हणालो.

मग माझी नजर त्या प्लास्टरवर गेली. चालत तर मी आलो होतो.