धुराचं मशीन बंद होतं

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधीची रात्र ऐका. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, माझी मैत्रीण शलाका अंधेरीच्या एका क्लबात तिच्या बँडसोबत गाणार होती आणि फोटो काढणार होते मी. ओवी झाल्यापासून माझ्या कॅमेऱ्याने फक्त ओवीच बघितलेली, तीही खिडकीतल्या उजेडात. तिथे म्हणे लाल-निळ्या दिव्यांचा नुसता धुमाकूळ.

मी नवऱ्याला हलवलं. "सगळे फोटो खराब आले तर?"

"नाही येणार. झोप."

"आणि शलाका म्हणाली, हिला आता जमत नाही, तर?"

तो घोरायला लागला. आमच्या मधून आवाज आला, "आई, तू घाबरलीस?"

"नाही गं राणी. झोप."

खोटं. मी एमएस्सी झालेली बाई, पण पोरीला कानामागे काजळाची तीट लावल्याशिवाय खाली बागेतही नेत नाही. कुणी विचारलंच तर सांगते, तिला आवडतं.

रविवारी दुपारी मला मेलीला गाढ झोप लागली. उठले तेव्हा उशीर झालेला. केस वर बांधले, बॅग उचलली आणि पळाले.

पहिलं गाणं सुरू झालं. मी दोन-चार फोटो काढले, स्क्रीन बघितली. सगळं धुरकट. प्रत्येक दिव्याभोवती पांढरं वलय, आणि त्यात शलाका वाफेतल्या मोदकासारखी. सेटिंग बदललं, जागा बदलली. मोदक तसाच. त्यात मागच्या टेबलावरच्या मुली माझ्याकडे बघून फिदीफिदी हसत होत्या. म्हटलं, यांनाही कळलं वाटतं.

मग डोक्यात आलं, स्टेजवर सोडतात ना, तो धूर असणार. गेले लाइटवाल्याकडे.

"दादा, धूर कमी करा ना जरा."

"काय?"

"धूर."

"काय मॅडम?"

मी जीव खाऊन ओरडले, "धूर! धूर!" आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

आता विचार करा. बंद क्लब, पूर्ण शांतता आणि एक बाई धूर धूर ओरडतेय. टेबलं सरकली. एक वेटर लाल सिलिंडर घेऊन धावला. ड्रमर तर स्टेजवरून उडी मारून दाराशी.

लाइटवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, मशीन परवापासून बिघडलंय. धूर कुठाय?"

शलाका माइकवरून म्हणाली, "बसा सगळे, काही नाही. ती आमची फोटोग्राफर आहे." जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग मी मोबाइलचा टॉर्च लेन्सवर मारला. काचेवर काजळाचा एक गोल ठिपका, झाकणाने फासला जाऊन सगळीकडे पसरलेला.

पुसून शेवटच्या तीन गाण्यांचे फोटो काढले. चेहरे टोमॅटोसारखे लाल आले, पण ओळखू आले. "चालतील गं," शलाका म्हणाली, "पुढच्या वेळी फक्त ओरडू नकोस." पुढच्या वेळी म्हणाली, बघा. मला रडूच आलं.

घरी आल्यावर ओवीला समोर बसवलं. "कॅमेऱ्याला तीट तू लावलीस?"

"हो. तू घाबरली होतीस ना."

"अगं, मी घाबरले होते. कॅमेरा नाही."

ती माझ्या मागे गेली, मानेवर वाकून बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "तुला तर झोपेतच लावली. मोठ्ठी. सगळ्यांना दिसेल अशी."