एटापल्लीची पाळी

पन्नासच्या दशकात मी चांद्याला वायरलेस ऑपरेटर होतो. जिल्ह्यातल्या सगळ्या सेटांना बोलायला रेडिओची लहर एकच. दोघे एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नसे, म्हणून प्रत्येकाला पाळी लावून द्यायची, ते माझं काम.

एका पावसाळ्यात वैनगंगा फुगली. दुपारी नदीकाठच्या सावली गावच्या सेटची पाळी चालू होती. खालच्या वस्तीतले लोक घरांवर चढून बसले होते, आणि डोंगे कोणत्या बाजूनं पाठवायचे ते आम्ही ठरवत होतो. मध्येच खरखरीतून एटापल्लीचा आवाज घुसला. तिकडचा रस्ता तुटलेला, जनरेटरचं पेट्रोल संपलेलं, त्यामुळे बॅटरी चार्ज करायची सोय नाही.

"इथी बाई बाळंत झाली. रक्त थांबून नाई राह्यलं. डाक्टर पाहिजे, बॅटरी जाऊन राह्यली."

शेजारच्या दवाखान्यात मी शिपाई पिटाळला. पण सावलीत पाणी चढत होतं. त्यांना गप्प बसा कसं म्हणायचं?

"सावली, भाऊ, थोडं थांबता काय? एटापल्लीची बॅटरी चालली."

सावलीच्या ऑपरेटरचा आवाज आला, "घ्या त्याले. आमी थांबतो."

डॉक्टर भिजतच आले. "वार पडली का?"

"पडली जी."

"बेंबीखाली हात दाबून चोळत राहा. गर्भाशयाचा गोळा कडक होईपर्यंत सोडू नका. बाळाला छातीशी लावा."

बाईला सेटच्या बाजूच्याच खोलीत ठेवलं होतं. तिथला ऑपरेटर प्रत्येक वाक्य दाराआडून सुइणीला गोंडीत सांगत होता.

"कडक लागतं का?"

"नाई जी."

"चोळत राहा."

माझ्या डोळ्यांपुढून सावलीची छपरं हलत नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"आता लागून राह्यलं..." एवढं आलं आणि आवाज गेला. रक्त थांबलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मी सावलीला हाक दिली. डोंगे निघाले, आणि अंधार पडायच्या आत छपरांवरचे सगळे लोक खाली उतरले.

दोन दिवसांनी एटापल्लीला पेट्रोल पोचलं. पहिला निरोप आला, "बाई हाये. पोरगीबी हाये." मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

पुढे सावलीचा ऑपरेटर चांद्याला आला, तेव्हा बोलता बोलता कळलं, त्या छपरांपैकी एकावर त्याची आई होती.

"तेव्हाच काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं, तं तुमी मले थांबा म्हटलं असतं काय?"

तो चहा संपवून बसकडे निघून गेला.