उदगीरचं कबूतर

भेटायला येणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. पोरगा आजारी पडल्यावर तर डोळ्यासमोर नको झाली. पोरगा नांदेडात व्यायामाच्या दवाखान्यात, उजवं अंग लुळं पडलेलं. ही माणसं येणार, खाटेवर बूड टेकणार, त्याच्यासाठी आणलेली केळी स्वतःच सोलून खाणार अन् म्हणणार, "आमच्या गावात एकाला असाच लकवा झाला होता. लई हाल झाले बिचाऱ्याचे." म्हणजे मेला. हे सांगायला तिकीट काढून यायचं.

पोरगा रिक्षा चालवायचा. बीपीची गोळी बंद केली अन् एक दिवस स्टँडवरच कोसळला. पाय बऱ्यापैकी आला, काठी धरून चालायला लागला. हातानं छळलं. मूठ मिटायची, पण उघडायची नाही. व्यायाम घेणारी मॅडम तळहातात रबरी चेंडू द्यायची अन् म्हणायची, "दादा, सोडा." तो घामाघूम व्हायचा, चेंडू तिथंच. शेवटी तीच एकेक बोट उचलून काढून घ्यायची. रिक्षाचा एक्सलेटर उजव्या मुठीत असतो. धरलेला सोडता आला नाही तर सवारीसकट कुणाच्या तरी दुकानात घुसायचं. आम्हा बापलेकांचं सगळं त्या सोडण्यावर अडलं होतं.

मी जन्मभर अहमदपूरच्या मोंढ्यात पोती वाहिली. पोतं उचलायला ताकद लागते, टाकायला काय लागतं? तसं नसतं, हे दवाखान्यातल्या बाकावर बसून कळलं. बसून चेंडूला शिव्या द्यायचो, दुसरं काय करणार.

एका सकाळी मेव्हणा आला, उदगीरहून, पहिल्या एसटीनं. माझ्या गेलेल्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्नात बघितला तेव्हाच मला हा अर्धवट वाटला होता, अन् त्यानं मला आजवर खोटं पाडलं नाही. हातातली कापडी पिशवी हलून राहिली होती.

"दाजी, दार लावा आधी."

"काय हाय त्यात?"

"कबूतर. पांढरं भेटलं न्हाई, राखाडी हाय. गरम रक्त चोळलं की लकवा उतरतो. खात्रीचं हाय."

"उतरलेला एक तरी बघितला का तू?"

"ऐकलंय की."

"मग तुझंच रक्त चोळ. तेवढा तरी तुझा उपयोग होईल."

हसला. हसतो अगदी बहिणीसारखा, हिरड्या दाखवत. ती जाऊन अजून वर्ष झालं नाही. याला हाकलता येत नाही ते त्या हसण्यामुळं.

मग ब्लेड शोधायला त्याला दोन्ही हात मोकळे पाहिजे होते. कबूतर ठेवायला जगात दुसरी जागा नव्हती. त्यानं ते पोराच्या मांडीवर ठेवलं अन् मान उजव्या हातात दिली. "धर रे जरा."

मिटणाऱ्या हातात!

मूठ मिटली. कबुतराचे डोळे बाहेर आले, पंख फडफडायला लागले.

"मामा, मरतंय हे!" पोरगा ओरडला. जीभ जड, तरी कळलं.

"मारायचंच हाय," मेव्हणा खिसे चाचपत म्हणाला. ब्लेड घरच्या शर्टात राहिलं होतं.

मी बोटं उचकटायला उठलो, तर पोरानं डाव्या हातानं मला अडवलं. "थांबा, अण्णा." तो मुठीकडं बघून राहिला. चेंडूकडं असं कधी बघितलं नव्हतं त्यानं. कपाळावरची शीर फुगली. करंगळी हलली. मग शेजारचं बोट. अंगठा काही हलला नाही, पण तेवढ्या फटीतून कबुतरानं मान ओढून घेतली अन् धडपडत खाटेखाली पळालं. मुठीत पिसं राहिली.

मॅडम धावत आली. आधी पक्षी आणला म्हणून आम्हा सगळ्यांना झापलं. मग हात बघितला अन् चेंडू आणला. "दादा, सोडा." नाही सुटला. दुपारपर्यंत नाही. चहाच्या वेळेला सुटला, अन् घरंगळत माझ्या पायाशी आला. मी उचलून परत दिला.

आता मेव्हणा उदगीरभर सांगत फिरतोय, रक्तसुद्धा लागत नाही, नुसतं कबूतर हातात दिलं तरी भागतं. लोक त्याला विचारायला घरी येतात म्हणे. त्यांची अक्कल त्याच्याहून कमी, हे मात्र मला नवीन होतं.

"सांगू द्या की, अण्णा," पोरगा म्हणतो, अन् घरी चेंडू दाबत बसतो. अंगठा अजून अडतो. रिक्षा दारात ताडपत्रीखाली उभी हाय.

बायको असती तर तिनंही भावाचंच खरं मानलं असतं. माझं तोंड बंद केलं असतं. मला तेही चाललं असतं.