आमच्या घरातले डीजे, दिगूभावजी

दिगूभावजींना कुठलेही गाणे मध्येच तोडलेले खपत नसे. मी शाळेला निघताना घाईत रेडिओ बंद केला, की ते परसातून धावत यायचे, तो पुन्हा लावायचे आणि ओळ पुरी होईपर्यंत बटणावर बोट ठेवून उभे राहायचे. "अर्ध्यात तोडलंस मा गो वयनी!" असे म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी कुणाला तरी जेवणाच्या पानावरून उठवले आहे. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत आला तरी भावजी आधी मान हलवून मोजत आणि मग उंडे पाव घ्यायला जात. घरात मिक्सर फिरत असला तरी मोजत. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक.

दिगंबर हे माझे धाकटे दीर. आमची सासरची मंडळी मूळची सावंतवाडीकडची; आजेसासरे खाणीवर कामाला म्हणून गोव्यात पाळीला आले आणि इथेच घर बांधून राहिले. घरात बोलणे मालवणीच. मी साखळीची, तिथल्याच शाळेत शिकवणारी. लग्न होऊन आले तेव्हा भावजी खाणीवर डंपर चालवत. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. पहाटे खाकी शर्ट घालून जात आणि संध्याकाळी खाणीच्या धुळीने भुवयांपर्यंत लाल होऊन परत येत. कुणी विचारले, "कसा काय दिगू?" तर उत्तर ठरलेले: "चल्ला."

मग खाणी बंद झाल्या. अंगणातल्या माडांची पाने धुतल्यासारखी हिरवी दिसू लागली आणि भावजी ओसरीवर बसू लागले. पहाटे उठायची सवय जाईना. खाकी शर्ट घालून पायरीवर बसत आणि रस्त्याकडे बघत राहात. "चल्ला" म्हणणेसुद्धा थांबले. सासूबाई ताट वाढून हाका मारत, ते दोन घास खाऊन उठत. सासरे, म्हणजे बाबा, गावच्या भजनात मृदंग वाजवत. कडक माणूस. मुलाशी काय बोलावे ते त्यांना सुचत नसे, म्हणून ते मृदंगाला शाई लावत बसत. एकाच ओसरीवर बाप आणि लेक, आणि मध्ये एक शब्द नाही. घरातल्या सगळ्यांनाच आतून भीती वाटत होती, पण ती बोलून कोण दाखवणार?

अधूनमधून भावजी एका ओळखीच्या माणसाचा टेम्पो चालवायचे. त्या टेम्पोने एकदा ते केरीला गेले. केरी म्हणजे आमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातली नव्हे, पेडण्यातली, समुद्राकाठची. तिथे भाड्याने राहिलेला एक परदेशी पाहुणा मायदेशी परतत होता, त्याचे सामान हलवायचे होते. सामान चढवताना भावजींना एक काळी फळी दिसली. तिच्यावर डाव्या-उजव्या बाजूला एकेक थाळी आणि मध्ये सगळी बटणे. पाहुण्याने ती लॅपटॉपला जोडून त्यांना पाच मिनिटे वाजवून दाखवली. एका थाळीवर एक गाणे, दुसरीवर दुसरे, आणि पहिले संपायच्या आत दुसरे त्याच्यात असे मिसळले, की सांधा कुठे आहे ते कळेना. भावजी सामान उचलायचे विसरून तिथेच खाली बसले. पाहुण्याला काय वाटले कोण जाणे, निघताना ती फळी आणि कानावर लावायचे हेडफोन त्याने भावजींच्या हातात ठेवले. फळीवरची आवाज वरखाली करायची एक दांडी मोडकी होती, ओझे कमी झाले असेही त्याला वाटले असेल.

त्या रात्री जेवताना भावजी कित्येक महिन्यांनी आपणहून बोलले. "बाबा, मी डीजे शिकतलंय."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे ती वरातीत कानठळी बसवतत, ता?"

"कानठळी नाय बसवूचंय. शिकतलंय."

बाबांनी हातातला घास संपवला. मग बाबांनी निकाल दिला, "शीक. पण माझ्या घरात आवाज येता नये."

ही अट भावजींनी अक्षरशः पाळली. मोडक्या दांडीला त्यांनी टूथपेस्टच्या ट्यूबचे टोपण बसवले, माझ्या यजमानांचा जुना लॅपटॉप मागून घेतला, खिडकीपाशी टेबल मांडले आणि कानांना हेडफोन लावून सरावाला बसले. फोनवर शिकवणी बघायची आणि करून पाहायचे. बाहेर आवाज शून्य. आम्हाला दिसायचे ते एवढेच, की एक उंच माणूस दोन थाळ्या कुरवाळतो आहे, मान हलवतो आहे, मध्येच कपाळावर हात मारून घेतो आहे, मध्येच एकटाच हसतो आहे.

मी एकदा विचारले, "भावजी, एवढे काय अवघड असते हो त्यात? एक गाणे संपले की दुसरे लावायचे."

त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली आणि एकदम गंभीर होऊन सांगितले, "गाण्याक दार आसता, वयनी. तू खिडकेतसून उडी मारून आत घुसलंस तर आतली माणसा घाबारतली. दाराकडे रवाचा, चार मोजूचे, आणि मगे पाय टाकूचो." दोन्ही गाण्यांचे ढोल एकदम वाजले तर सगळा चिखल होतो, हे त्यांनी डंपरच्या भाषेत समजावले: "घाटयेर दोन गाडये समोरासमोर इले तर एकान बाजूक घेवकच व्हया. ह्याचो ढोल खाली, मगेच त्याचो वर." दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारे एक बटण त्या फळीवर होते. त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली होती. "ता दाबलंय तर मी कित्याक व्हयो?"

आमच्या समोरच शेवंतीकाकींचे घर. त्यांच्या स्वयंपाकघरातून भावजींची खिडकी सरळ दिसे. टेबलावरची फळी दिसत नसे. दिसत असे ते फक्त हवेत हात फिरवणारे, डोलणारे, हसणारे भावजी. काकींनी आठवडाभर ते बघितले आणि एका दुपारी सासूबाईंना बाजूला बोलावून म्हणाल्या, "गो, तुज्या पोराक कितें जालां? खाणीवरची एखादी बाधा आपटली काय?" सासूबाईंनाही तेवढेच हवे होते. दोघींनी कुणाला न सांगता देवळात जाऊन देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, गुरवाने गाऱ्हाणे घातले, "पोराचा सगळा बरा आसात तर उजवो दी," आणि दोघी डोळे मिटून उभ्या राहिल्या. उजवी पाकळी पडली. शेवंतीकाकींचे समाधान होईना, त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा उजवी.

ही बातमी गुरवाकडूनच आमच्याकडे आली. भावजी हसून हसून ओसरीवर आडवे झाले. त्यांना असे हसताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. बाबा मात्र हसले नाहीत. ते उठले, खोलीत गेले आणि भावजींना म्हणाले, "दी बगूया ता माझ्या कानाक." हेडफोन लावून, डोळे मिटून, ते खुर्चीत ताठ बसले. भावजींनी दोन गाणी जुळवायला घेतली. बाबांच्या कपाळावर आठी चढली. "अरे, एकाच देवळात दोन भजनी मंडळा भांडतत मरे ही!"

भावजींचा चेहरा पडला. पण बाबांनी हेडफोन काढला नाही. "उजव्या बाजूचो मागे पडता. थोडो पुढे काड. अजून. हां. आता रव." त्यानंतर रोज दुपारी जेवण झाले, की बाबा वामकुक्षीऐवजी त्या खुर्चीत जाऊन बसू लागले. गाणी त्यांना एकही आवडत नसे. "काय गाणा तरी ह्या!" म्हणत, आणि लगेच, "परत लाव, समेर चुकलंस." ओसरीवरची ती गप्प बसलेली माणसे आता दिवसभर भांडत होती आणि सासूबाई स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसून हसत होत्या.

भावजींचा पहिला कार्यक्रम शेवंतीकाकींच्याच अंगणात झाला. त्यांच्या मुलीची हळद होती. काकी स्वतः येऊन म्हणाल्या, "देवान दोनदां सांगलां तू बरो म्हूण. मागीर आमगेर तूंच वाजय." साखळीहून बेताचे दोन स्पीकर आले. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावले, आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतले नाही. बाबा मांडवात पहिल्याच रांगेत बसले होते. भजनी मंडळातले दोघे-तिघेही आले होते, खरे तर टिंगल करायला.

सुरुवात छान झाली. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तर बायकांनी हात धरून रिंगण केले आणि फुगडी रंगली. मी भावजींच्या शेजारीच उभी होते. नवे गाणे तयार झाले, त्यांनी कानाने तपासले, आणि नव्याचे म्हणून बटण दाबले ते वाजत असलेल्याच गाण्याचे. सगळे एका क्षणात बंद. ज्या माणसाला दुसऱ्याच्या रेडिओवरची अर्धी ओळ सहन होत नव्हती, त्याने भर मांडवात गाणे मध्येच तोडले होते. त्यांचा हात तसाच अधांतरी राहिला आणि चेहरा पांढरा पडला.

पण गरगर फिरणाऱ्या बायका अशा एकदम थोड्याच थांबतात? हात गुंतलेले, वेग लागलेला. त्या फिरतच राहिल्या, आणि त्या शांततेत त्यांच्या तोंडचे "फू, फू, फू, फू" तेवढे ऐकू येऊ लागले. भावजींची मान हलली. मी त्यांचे ओठ बघत होते. एक, दोन, तीन, चार. आणखी एकदा. आणि पुढच्या "फू"वर त्यांनी नवे गाणे सोडले, ढोलासकट, बरोब्बर पावलाखाली. मांडवात अशी आरोळी उठली की झाडावरचे कावळे उडाले. लोकांना वाटले, हे मुद्दामच केले! पोरे ओरडू लागली, "दिगूदा, परत तसा कर! परत बंद कर!" भावजींनी माझ्याकडे बघून हळूच सांगितले, "वयनी, माझो जीव गेल्लो गो." आणि दहा मिनिटांनी लोकाग्रहास्तव पुन्हा बंद केले.

घरी आल्यावर बाबांनी पाय धुतले, गूळपाणी घेतले आणि मत दिले, "मध्ये थांबलंस ता बरा केलंस. बाकीचा जरा जास्तीच झाला." भावजींना ते एखाद्या पदकासारखे वाटले असावे, दिवसभर उपाशी असलेला माणूस त्या रात्री भात तीनदा मागून जेवला.

मग हळदी, बारशी, शाळेचे स्नेहसंमेलन, असे करता करता नाव झाले. केरीच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा हॉटेलाने त्यांना संध्याकाळी वाजवायला या म्हणून निरोप धाडला. राहायला खोली देणार होते. त्याच सुमारास आमच्या भागातल्या काही खाणी पुन्हा सुरू होण्याची बोलणी चालली, आणि जुन्या कंत्राटदाराचा माणूस चालक गोळा करत फिरू लागला. सासूबाईंचे मत साफ होते: डंपर. पक्के काम, घरचे जेवण. यजमानांचेही तेच. भावजी दोन दिवस घुटमळले.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर पाणी काढत होते तेव्हा ते रहाटापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "वयनी, डंपर माका येता. डोळे मिटून येता. ह्या अजून माका नीट येणा नाय. मगे जा येणा नाय, ताच करूचा मा?"

मी म्हटले, "मग बाबांना सांगा की."

"ताच तर जमणा नाय," ते म्हणाले, आणि दोर ओढून माझी कळशी भरून दिली.

कंत्राटदाराचा माणूस दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात आला. आमच्या घरी त्याला मान होता. भावजींना पहिली नोकरी त्यानेच लावली होती. तो खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "दिगू, सोमवारपासून ये. तुझ्यासारखो हात माका दुसरो गावणा नाय." भावजी दाराच्या चौकटीला टेकून उभे. तोंड उघडत, पुन्हा मिटत. सासूबाई आतून खुणा करत होत्या, हो म्हण, हो म्हण. मला तर वाटले, आता "चल्ला" म्हणून मोकळे होतात.

बाबा कोपऱ्यात मृदंग पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "चाय घेवन जावा," ते पाहुण्याला म्हणाले. "पण सोमवारचा ह्येका जमाचा नाय. ह्येका केरीक वाजवूक जावचा आसा."

भावजींच्या मनात केरीच आहे, हे त्यांना कुणी सांगितले, ते मला आजतागायत कळलेले नाही. भावजींनी चौकट सोडली आणि ते सरळ आत निघून गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेले होते.

सोमवारी सकाळी त्यांना बसवर सोडायला आम्ही सगळे रस्त्यापर्यंत गेलो. सासूबाईंनी फळी स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात भरली होती. ते खोके बाबांनी भावजींना उचलू दिले नाही. स्वतः खांद्यावर घेतले, साखळीच्या बसमध्ये चढले, पुढच्या सीटवर खिडकीपाशी नीट ठेवले आणि उतरता उतरता ड्रायव्हरला दम भरला, "खड्डे चुकवन हाक रे. आत गाणी आसत."